इजिप्तमधले आकडे वाचताना
कैरोत स्वयंसेवक म्हणून राहताना बसचे नंबर, भाजीचे भाव, घरांचे क्रमांक बहुतेक अरबी आकड्यांत दिसतात. मराठी वाचणारा नेमका इथे चुकतो:

१. पोकळ गोल म्हणजे शून्य नव्हे, ५. शून्य म्हणजे नुसता ठिपका.
२. आपल्या १ सारखा दिसतो तो ९. सगळ्यात जास्त घोळ याचाच.
३. इंग्रजी ७ सारखा दिसतो तो ६. खरा ७ म्हणजे इंग्रजी V सारखी, टोक खाली असलेली खूण. ती उलटी केली की ८.

अक्षरं उजवीकडून, आकडे मात्र डावीकडूनच वाचायचे. सरावाला नोट उत्तम: एका बाजूला अरबी आकडा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

सुट्टे घेताना जपा. ५० पियास्त्र आणि ५० पौंड, दोन्ही नोटांवर ५०च असतो, आणि एका पौंडाचे पियास्त्र १००. इंग्रजी बाजूवरचा शब्द वाचूनच नोट खिशात घाला.