टाकी भरलेली, नळ कोरडा : सोसायटीच्या पाण्यात होणाऱ्या या चुका टाळा

टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावरून कुणीतरी खाली येणार, हे नेरूळच्या आमच्या सोसायटीत ठरलेलं होतं. "काका, नळ नुसताच फुरफुरतोय, पाणी नाही." गच्चीवर जाऊन पाहावं तर टाकी काठोकाठ. मग मीटिंगमध्ये सगळ्यांचा एकच सूर: मोटर कमी पडतेय, मोठी घ्या.

ही चूक मी अनेक सोसायट्यांत पाहिली आहे. मोटरचं काम पाणी गच्चीवर चढवण्यापुरतं. तिथून नळापर्यंत ते स्वतःच्या वजनाने उतरतं. टाकी भरलेली असताना नळ कोरडा असेल, तर आधी वाटेत अडकलेल्या हवेचा संशय घ्या.

आमच्या गच्चीवर टाकीतून निघालेला पाइप दुसऱ्या विंगच्या पाइपावरून वळसा घालून जात होता. उंचवटा जेमतेम वीतभर. टाकी रिकामी केली की त्यात हवा शिरायची आणि पुन्हा पाणी भरलं तरी तिथेच कोंडून बसायची. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर मुळातच कमी, त्यामुळे ती ढकलली जात नसे.

पाणी उतारावर आणणाऱ्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. रोमनांनी आजच्या फ्रान्समधल्या नीम शहरासाठी सुमारे ५० किलोमीटर लांबून पाणी आणलं, त्यात एकूण उतार १३ मीटरसुद्धा नाही. आपल्याकडे पेशवाईत कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्यात आलं, तेही निव्वळ उतारावर. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले आहेत. पुण्यात त्यांना उसासे म्हणतात. किती नेमका शब्द! कोंडलेल्या हवेला तिथून वाट मिळते.

आपल्या गच्चीवरच्या पाइपालाही असाच उसासा लागतो. टाकीच्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे अर्ध्या इंची पाइप उभा करा. त्याचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा फूटभर उंच हवं, नाहीतर त्यातूनच पाणी वाहत राहील. वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवून जाळी बांधा. पुढे आणखी उंचवटा असेल तर तो सरळ करून घ्या, नाहीतर त्यालाही असाच पाइप द्या. प्लंबर येईपर्यंतचा उपाय म्हणजे त्याच लाइनच्या खालच्या नळाला स्वच्छ रबरी नळी जोडायची आणि मोटर चालवून चढत्या लाइनचं, म्हणजे मोटरकडून गच्चीवर जाणाऱ्या पाइपातलं, पाणी तिच्यातून हळूहळू उलटं वर सोडायचं. टाकीत बुडबुडे फुटले की हवा सुटली.

आणखी एक गैरसमज शॉवरबद्दलचा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतो. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपासून दोन-तीन मीटरच उंच, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. एक किलो दाब मागणारा शॉवर तिथे बसवून प्लंबरला बोल लावू नका.

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे, ती म्हणजे महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणं. आपल्या नवी मुंबईचं पाणी खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणातून येतं, भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि मोठ्या जलवाहिनीने शहरात पोहोचतं. इतक्या लांबून शुद्ध करून आणलेलं पाणी आपण शेवटच्या शंभर फुटांत नासवतो. मोटर लाइनमधून पाणी ओढू लागली की आतला दाब नाहीसा होतो आणि सैल जॉइंटमधून बाहेरचं गटाराचं पाणी आत शिरतं. ते शेजारच्या इमारतीतल्या तान्ह्या बाळाच्या दुधातही जाऊ शकतं. पाणी आपसूक खालच्या टाकीत पडू द्या, मोटर त्या टाकीतूनच लावा. मोठ्या जलवाहिनीवरचे हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह फोडून पाणी भरणंही तितकंच घातक. पुरवठा बंद होताना व्हॉल्व्हभोवतीच्या खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढलं जातं.

पाणी आलं की पहिल्या धारेला गढूळपणा किंवा वास येतो का, बघा. येत असेल तर खालच्या टाकीत जाऊ देऊ नका. क्लोरीन तपासायचे थेंब बाजारात मिळतात. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. रंग अजिबात चढला नाही तर पाणी उकळून प्या आणि वॉर्ड ऑफिसला कळवा.

खालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या लादीला समतल ठेवू नका. पावसाळ्यात साचलेलं पाणी थेट आत उतरतं. कठडा निदान फूटभर उंच करा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला डासांची जाळी लावा.

बिल अचानक वाढलं तर मीटरवर संशय घेण्याआधी एक तपासणी करा. लाइनला पाणी असताना खालची टाकी पूर्ण भरू द्या, मोटर बंद ठेवा आणि अर्धा तास मीटरकडे बघा. काटा फिरतोय म्हणजे मीटर आणि टाकीच्या मध्ये गळती आहे किंवा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) नीट बंद होत नाही. आमच्याकडे बॉलकॉकचा वायसर झिजला होता. जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोमधून सरळ गटारात जात होतं आणि ते पाइपाचं तोंड झुडपाआड असल्याने कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. नवा वायसर बसवला आणि ते झुडूप छाटून टाकलं.