कराटेच्या वर्गातून रिंगमध्ये उतरताना या चुका टाळा

सोलापुरात कराटेचे वर्ग आता जवळजवळ प्रत्येक नगरात भरतात आणि तेथे वर्षानुवर्षे पट्ट्यांचे रंग बदलत ब्लॅक बेल्टपर्यंत पोहोचलेली मुले किकबॉक्सिंग शिकण्यासाठी आमच्याकडे येतात. त्यांचे पाय लवचिक असतात, शिस्त उत्तम असते, वाकून नमस्कार केल्याशिवाय ती मॅटवर पाऊल ठेवत नाहीत. आणि पहिल्याच आठवड्यात ती सगळी ठरलेल्या त्याच चुका करतात. यात कराटेला दोष देण्याचे कारण नाही. समोरचा माणूस विरोध करतो, हलतो, उलट मारतो, हे गृहीत न धरता केलेला सराव कितीही वर्षे केला तरी रिंगमध्ये उपयोगी पडत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मारताना दुसरा हात कमरेला नेणे

कराटेमध्ये एका हाताने ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेकडे खेचून घेतात, ज्याला हिकिते म्हणतात. समोरच्याची बाही किंवा मनगट पकडून त्याला आपल्याकडे ओढणारा हात म्हणून पाहिले, तर त्या हालचालीला पूर्ण अर्थ आहे. मात्र बहुतेक वर्गांत ती हवेत, रांगेत उभे राहून, आकड्यांच्या तालावर हजारो वेळा करून घेतली जाते आणि त्या हातात काहीतरी पकडलेले असायला हवे, हे मुलांना कोणी सांगतच नाही. ग्लोव्हज घातल्यावर पकडण्याचा प्रश्नच उरत नाही. उरतो तो फक्त उघडा जबडा.

शेजारच्या जिल्ह्यातील एका खुल्या स्पर्धेत आमचा एक मुलगा उतरला होता. घर सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात, वडील यंत्रमागावर कामाला, आणि काता, म्हणजे कराटेतील ठरलेल्या हालचालींची मालिका, अशी करणारा की बघणाऱ्याने हातातले काम थांबवावे. पहिल्या फेरीत त्याने निव्वळ पायांच्या जोरावर प्रतिस्पर्ध्याला दोरांपर्यंत रेटले. दुसऱ्या फेरीत दम लागला आणि दम लागताच शरीर जुन्या सवयीवर गेले. डावा ठोसा सुटला की उजवी मूठ सरळ कमरेला जाऊ लागली. समोरचा मुलगा फार तरबेज होता असे नाही, परंतु त्याला डोळे होते. मी कोपऱ्यातून मराठीत आणि त्याचे मामा प्रेक्षकांतून तेलुगूत "चेतुलु पैकि, चेतुलु पैकि" (हात वर, हात वर) असे ओरडत असतानाच त्या मुलाचा डावा हुक, म्हणजे वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा, याच्या उजव्या जबड्यावर बसला. पंचांनी आकडे मोजले, डोळ्यांत पाहिले आणि लढत थांबवली. बर्फ लावून घेताना हा मला म्हणाला, "सर, हात वरच होता." तो खोटे बोलत नव्हता, त्याला खरोखरच तसे वाटत होते. दुसऱ्या दिवशी मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवला, तेव्हा त्याची मूठ कमरेशी, पट्ट्याची गाठ असते त्या जागेला टेकलेली दिसली. त्या दिवशी त्याने पट्टा बांधलेलाच नव्हता.

यावर मुलांचे एक ठरलेले उत्तर असते, ते म्हणजे ल्योटो माचिदा. शोतोकान कराटे वडिलांकडून शिकलेला हा खेळाडू 2009 मध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेचा लाइट हेवीवेट विजेता झाला आणि त्याचे हातही खाली असत, हे खरे आहे. परंतु त्याचे संरक्षण त्याच्या अंतरात होते. समोरच्याचा ठोसा जिथे पोहोचणार नाही अशा जागी तो उभा असे, आत शिरे तो नेमक्या क्षणी आणि लगेच बाहेर पडे. ते अंतर राखण्यामागे लहानपणापासून जिवंत प्रतिस्पर्ध्यासमोर केलेला सराव होता. तो सराव बाजूला ठेवून त्याचे फक्त खाली सोडलेले हात उचलणाऱ्यांना मी थेट सोळा औंसांचे ग्लोव्हज घालायला लावतो आणि हलक्या हाताने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, देत राहतो. त्यांचा वाद साधारण एका फेरीत संपतो.

माझा उपाय पुस्तकी नाही. घडी घातलेला रुमाल मागची मूठ आणि गालाचे हाड यांच्यामध्ये धरायचा आणि पुढच्या हाताने जॅब मारत पूर्ण फेरी काढायची. रुमाल पडला की घड्याळ पुन्हा शून्यावर. मुले वैतागतात, काही जण रुमाल दाताने धरण्याची चलाखी करतात, पण दम लागलेला असतानाही हात गालावरून हलेनासा झाला, तरच मी त्यांना स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उभे करतो. काता मी सोडायला सांगत नाही. उलट हिकिते जोडीदाराची बाही धरून करून घेतो, कारण ती हालचाल कशासाठी आहे हे कळले, की ती कुठे करायची नाही हेही आपोआप कळते.

एक फटका लागला की थांबणे

गुणांच्या कराटेत फटका नेमका लागला की पंच "यामे" (थांबा) म्हणतात, दोघे आपापल्या जागी परततात आणि गुण दिला जातो. या पद्धतीत वेग आणि अंतराची जाण विलक्षण तयार होते. तेथे जोरावर ताबा ठेवणे हा नियमाचा भागच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 7 ऑगस्ट 2021 रोजी पुरुषांच्या 75 किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 असा पुढे होता. त्याची लाथ डोक्यावर बसून इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला, आणि अतिजोराबद्दल हमेदीला अपात्र ठरवून सुवर्णपदक गंजजादेला देण्यात आले. समाजमाध्यमांवर त्यावर पुष्कळ विनोद झाले. मला तो निर्णय त्या खेळाच्या चौकटीत योग्य वाटतो, पण रिंगमध्ये नेमके उलटे घडले असते, हे आपल्या विद्यार्थ्याच्या अंगी मुरलेले नसते. तो एक सुंदर गियाकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारतो, मूठ खेचून घेतो, मान किंचित वळवून पंचांकडे बघतो आणि त्याच अर्ध्या सेकंदात मार खातो.

यासाठी माझ्याकडे पॅडवर एकट्या ठोशाला परवानगीच नाही. मारल्यावर एकतर आणखी दोन ठोसे आले पाहिजेत किंवा पाय बाजूला निघाला पाहिजे, आणि जो माझ्या तोंडाकडे बघत थांबतो त्याला मी पॅडनेच हलकी चापट देतो. शिट्टीही मी मुद्दाम वेळीअवेळी वाजवतो, म्हणजे थांबण्याचा हक्क आपला नाही हे त्यांना समजते.

पहिल्या दिवसापासून पूर्ण जोराने भिडणे

याच्या अगदी विरुद्ध टोकाची मंडळी मोबाईलवर यूएफसी पाहून येतात. त्यांना काता, स्टान्स, पायांची हालचाल हे सगळे वेळ घालवणे वाटते आणि "सर, डायरेक्ट फाइट लावा" हे त्यांचे पहिले वाक्य असते. अशांची स्पॅरिंग म्हणजे नुसते भांडण होते. दोघेही डोळे मिटून हात फिरवतात आणि त्यातून मार सहन करण्यापलीकडे काहीही शिकत नाहीत. नडगी टणक व्हावी म्हणून तिच्यावर बाटली घासत बसणारेही याच पंथातले. नडगी जड बॅगवर महिनोन्महिने किक मारून तयार होते, दुसरा जवळचा रस्ता मला तरी माहीत नाही.

अशा मुलांना मी सकाळी एखाद्या तालमीत नेऊन बसवतो. हौद्यातल्या लाल मातीत पोरे रोज एकमेकांशी लढत धरतात, एकच डाव समोरच्याच्या विरोधात पुन्हा पुन्हा करून पाहतात, वस्ताद मध्येच थांबवून पायाची जागा बदलतात, आणि तरीही उद्या पुन्हा लढता येईल इतपतच जोर लावला जातो. हाच विचार जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही आपली शाळा स्थापन करताना ज्युदोत आणला. जुन्या जुजुत्सूतील जीवघेणे प्रकार त्यांनी मुक्त सरावातून वगळले, जेणेकरून उरलेले डाव पूर्ण विरोधाविरुद्ध रोज करता यावेत. आमचा डाव इतका घातक आहे की त्याची स्पॅरिंग करता येत नाही, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीचा विचार करावा. तालमीतल्या मल्लालाही नियम आणि जागा बदलल्या की नव्याने शिकावे लागतेच. मातीवर घडलेले खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला मॅटवर सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले.

माझा क्रम असा आहे: आधी फक्त जॅबला जॅब, मग हात एकाचे आणि बचाव दुसऱ्याचा, मग फक्त अंगावर मार, आणि डोके सर्वांत शेवटी. कोणाला किती दिवस लागतील हे मी आधी सांगत नाही, कारण सांगितले की मुले दिवस मोजत बसतात.

बाकीच्या, थोडक्यात

ठोसा मारताना श्वास कोंडून धरू नये. हातांना पट्टी न गुंडाळता बॅगवर मारू नये, मनगट दुमडते. हेयान शोदान ही सुरुवातीची काता एका मिनिटाच्या आत संपते, पण बॉक्सिंगची फेरी 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांपासून तीन मिनिटांची चालत आली आहे, तेव्हा दम घड्याळ लावूनच तयार करावा. दुसऱ्याचे माउथगार्ड वापरू नये. हे लिहावे लागते याचेच मला आश्चर्य वाटते. वजन उतरवण्यासाठी मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, रेनकोट घालून पार्क मैदानाला फेऱ्या मारणाऱ्याला मी घरी पाठवतो आणि वरच्या वजनगटात नाव घालतो.

हेडगार्ड घातले की डोके सुरक्षित झाले, हाही एक गोड गैरसमज आहे. त्याने भुवई फुटणे टळते, पण आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवाय लढले, हेही ध्यानात घ्यावे. डोक्यावर मार बसून मुलगा खाली गेला, त्याला मळमळले, उजेड सहन होईना किंवा तो तेच तेच विचारू लागला, तर त्या दिवशी डॉक्टरकडे आणि त्यानंतर किमान तीस दिवस स्पॅरिंग पूर्ण बंद, असा माझ्याकडे नियम आहे. स्पर्धेची फी भरलेली आहे, नातेवाईक गाडी करून येणार आहेत, असे पालक सांगत राहतात. मी फोन ठेवून आयोजकांना नाव मागे घेतल्याचा संदेश पाठवतो.