आधी अंदाज, मग गणित: मुलांना ‘राउंड ऑफ’ शिकवताना

राउंड ऑफचा, म्हणजे संख्या जवळच्या पूर्ण दशकापर्यंत किंवा शंभरापर्यंत नेण्याचा, नियम मुलांना पाच मिनिटांत पाठ होतो. एककाचा अंक पाच किंवा जास्त असला तर पुढचा दशक, कमी असला तर मागचा. अडचण तिथूनच सुरू होते. नियम पाठ झालेलं मूल ४७ चे ५० बरोबर करतं, पण ३४७ जवळच्या शंभरापर्यंत न्यायला सांगितलं की शेवटचा ७ बघून बिनधास्त ४०० लिहितं. नियम त्याने पाळलेला असतो, संख्येकडे मात्र बघितलेलं नसतं. म्हणून तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवताना हा नियम सगळ्यात शेवटी सांगावा. आधी संख्या कुठे बसते ते दिसायला हवं.

संख्येचे शेजारी

कागदावर एक आडवी रेघ ओढा, मधल्या खुणा करू नका. डाव्या टोकाला ४०, उजव्या टोकाला ५० लिहा आणि मुलाला ४७ साठी टिंब द्यायला सांगा. टिंब नेमक्या जागी पडलं नाही तरी बिघडत नाही, ते मध्याच्या कोणत्या बाजूला पडलं एवढंच बघायचं. चार-पाच संख्या अशा झाल्या की टोकांवरचे आकडे मुलानेच लिहायचे. प्रश्नांचा क्रम दर वेळी हाच ठेवा:

१. हिच्या मागचा पूर्ण दशक कोणता?
२. पुढचा कोणता?
३. दोघांच्या बरोबर मध्ये काय येतं?
४. आपली संख्या मध्याच्या अलीकडे आहे की पलीकडे?

सुरुवातीला ३२, ६८, ७१ अशा सरळ संख्या घ्या, मग मध्याला चिकटून असलेल्या ४४ आणि ४६. त्यानंतर मुद्दाम ३ द्या. बरीच मुलं ३ चा जवळचा दशक १० सांगतात, कारण शून्य हाही दहाच्या पाढ्याच्या रांगेतला आहे हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. मग ९७ आणि २०३ घ्या. २०३ चे शेजारी २०० आणि २१० आहेत, पण मुलं २०० आणि ३०० सांगतात. रोज आठ-दहा संख्या पुरतात. वीस दिल्या की मूल बघणं सोडून उरकायला लागतं.

इथे मराठी संख्यानामांचा एक खास घोळ होतो. तोंडी ‘एकोणसाठ’ म्हटलं की कानावर साठ पडतात, आणि मूल ५९ चे शेजारी ६० आणि ७० सांगून मोकळं होतं. त्यामुळे पहिले काही दिवस संख्या बोलू नका, लिहून दाखवा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात कोणत्याही बाजूने असा, पण या एका कामापुरतं ‘पन्नास नऊ’ म्हणणं फार सोयीचं पडतं, कारण मागचा दशक तोंडातूनच बाहेर येतो. शेजारी पक्के झाले की मात्र एकोणसाठ हे नावच मदतीला येतं: साठाला एक कमी, म्हणजे जवळचा दशक साठच.

४५ चं काय करायचं, हा प्रश्न मुलं विचारणारच. खरं ते सांगावं: दोन्ही शेजारी सारख्याच अंतरावर आहेत आणि पुढे जायचं असं सगळ्यांनी ठरवलेलं आहे. या ठरावाची एक सोयही आहे. शंभरापर्यंत जाताना २५० पासून २९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या ३०० कडे जातात, त्यामुळे दशकाच्या जागी ५ दिसला की एककाकडे बघावंही लागत नाही. हा एकमेव ठराव आहे असं मात्र सांगू नका. मोजमापांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं ‘आयएस २’ नावाचं मानक आहे. त्यात बरोबर मध्यावरची संख्या सम अंकाकडे न्यायची असते, म्हणजे ४५ चे ४० आणि ५५ चे ६०. शाळेच्या पेपरात पुस्तकातलाच नियम वापरायचा, पण खोदून विचारणाऱ्या मुलाला हे ऐकायला आवडतं.

आता नियम

शंभरासाठी तीच रेघ वापरा: टोकांना ३०० आणि ४००, मध्ये ३५०. आता ३४७ मध्याच्या अलीकडे आहे हे दिसतं. मग नियम द्या. ज्या स्थानापर्यंत जायचं त्या अंकाखाली रेघ मारायची, त्याच्या लगेच उजवीकडचा एकच अंक बघायचा आणि त्यापुढचे अंक बोटाने झाकायचे.

चुका साधारण ठरलेल्याच असतात. ४३ चे ३० लिहिणारं मूल ‘खाली राउंड कर’ या सूचनेने फसलेलं असतं. खाली म्हणजे एक कमी, असं त्याला वाटतं. तिथे ‘खाली’ हा शब्द सोडून ‘दशक तोच राहतो’ म्हणा. ३९७ दशकापर्यंत नेताना ३१०० किंवा ३०० अशी उत्तरं येतात, कारण ९ चे १० झाल्यावर ते कुठे ठेवायचे ते कळत नाही. इथे नियम परत समजावू नका, रेघेवर ३९० आणि ४०० लिहायला लावा. ३४७ चे नुसते ३ लिहिणाऱ्याला विचारा, ३४७ रुपयांच्या सामानाचे ३ रुपये दिले तर दुकानदार घेईल का?

सर्वांत फसवी चूक टप्प्याटप्प्याने जाण्याची आहे. ३४८ चे आधी ३५०, मग ३५० चे ४००. प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे, तरी उत्तर चुकीचं आहे. ३४८ पासून ३०० हे ४८ वर आहेत आणि ४०० हे ५२ वर. नेहमी मूळ संख्येपासूनच निघायचं, हे सांगताना ही दोन अंतरं मुलाकडून काढून घ्या.

अंदाज: मुलं इथे चोरी करतात

‘२८७ + ४१६ चा अंदाज सांग’ म्हटलं की हुशार मूल आधी खरी बेरीज करतं, ७०३ काढतं आणि मग ७०० लिहून देतं. उत्तर बरोबर, अंदाज शून्य. यात दोष मुलाचा नाही. शाळेत गुण अचूक उत्तराला मिळतात, मग अंदाज हे जास्तीचं काम का करायचं? हे मोडायला खरी बेरीज करताच येणार नाही असे प्रश्न द्यावे लागतात. ४▢६ + २▢१ लिहा आणि चौकटींवर शाईचे डाग पडलेत असं सांगा. उत्तर ६०० पेक्षा जास्त असणार, ८०० पेक्षा कमी असणार, हे मुलाला स्वतः काढता येतं. दुसरा उपाय म्हणजे पेन्सिल खाली ठेवून पाच-सहा सेकंदांत ‘हजारापेक्षा जास्त की कमी?’ एवढंच विचारणं.

तपासताना हात सैल सोडा. २८७ + ४१६ साठी ७०० बरोबर, ७१० बरोबर (२९० + ४२०), ‘सातशेच्या जरासं वर’ हेही बरोबर. एकच अंदाज बरोबर धरून दुसऱ्यावर फुली मारली की मूल पुन्हा गुपचूप खरी बेरीज करायला लागतं.

शिवाय अंदाज म्हणजे सगळ्या संख्या दशकापर्यंत नेणं नव्हे. ४८, ११२, ६५ आणि २३ रुपयांच्या चार वस्तू असतील तर ५० आणि ११० मिळून १६०, ६५ तसेच ठेवून २२५, आणि २३ चे २५ धरून २५०. खरी बेरीज २४८ आहे. २३ चे २० करा असा हट्ट धरणाऱ्या पुस्तकी पद्धतीपेक्षा हे जास्त कामाचं आहे. आपल्याकडे तर सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे असे तयार थांबे आहेत. १७८ रुपयांची एक अशा चार वस्तू म्हणजे चार वेळा पावणेदोनशे, म्हणजे सातशे. खरं उत्तर ७१२. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे शब्द मुद्दाम शिकवावेत.

वजाबाकीत एक गोष्ट जपावी लागते. ६५२ − ३४९ मध्ये दोन्ही संख्या शंभरापर्यंत नेल्या तर ७०० − ३०० म्हणजे ४०० येतात. खरं उत्तर ३०३. एक संख्या वाढली, दुसरी घटली, आणि दोन्ही चुकांनी फरक वाढवतच नेला. बेरजेत अशा चुका एकमेकींना खातात, वजाबाकीत त्या साठतात. म्हणून वजाबाकीत दोन्ही संख्या शक्यतो एकाच दिशेला हलवाव्यात किंवा अगदी जवळच्या सोप्या संख्या घ्याव्यात: ६५० − ३५०, म्हणजे ३००.

गुणाकारात नेमकं उलट. ३५ × ४५ मध्ये नियमाने दोन्ही वाढवले तर ४० × ५० = २०००, खरं उत्तर १५७५. एक वाढवा आणि एक कमी करा: ३० × ५० = १५००. बरंच जवळ आलं. ४८ × २३ मध्ये हे आपोआप होतं, ५० × २० = १०००, खरं ११०४.

भागाकारात राउंड ऑफ जवळजवळ विसरावं आणि भाग जाणारी जोडी शोधावी. १४७८ ÷ ७ साठी १५०० घेऊन काही उपयोग नाही, १४०० घ्या म्हणजे २०० मिळतात. दोन अंकी भाजकाला घाबरणाऱ्या मुलांसाठी तर हे औषधच आहे. १५६४ ÷ २३ मध्ये १५०० ÷ २५ = ६० आणि १६०० ÷ २० = ८०, म्हणजे उत्तर साठ ते ऐंशीच्या मध्ये कुठेतरी. पहिला अंक ६ किंवा ७ धरून बघायचा, १ पासून चाचपडत बसायचं नाही. (उत्तर ६८ येतं.)

प्रश्न काय विचारतोय?

नियम बरोबर आणि उत्तर चूक, असेही प्रसंग असतात. सहलीला २१२ मुलं आणि ५० आसनांच्या बस. भागाकार ४.२४, नियमाने ४ बस, म्हणजे १२ मुलं फाटकात उभी. इथे ५ च लागतात. उलट ४७ लाडू सहा-सहाच्या डब्यांत भरायचे तर भागाकार ७.८ च्या वर जातो, नियम ८ सांगतो, पण पूर्ण भरलेले डबे सातच. खिशातले २०० रुपये पुरतील का हे बघताना सगळ्या किमती वाढवूनच धरायच्या. असे प्रश्न नेहमीच्या ‘जवळच्या’ प्रश्नांत मिसळून द्या आणि गणित करण्याआधी मुलाला फक्त एवढं सांगू द्या: इथे वर जायचं, खाली यायचं, की जवळ जायचं?

घरातलं किराणा बिलही वाया घालवू नका. बऱ्याच बिलांत तळाशी ‘राउंड ऑफ’ अशी ओळच असते. २३७.४० च्या जागी २३७ आणि समोर वजा ०.४०. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आणि पन्नास पैशांचं नाणं वैध असलं तरी हाताशी कोणाकडे असतं? तेव्हा रोखीत चाळीस पैसे द्यायचे कसे, हे मुलाला लगेच पटतं.

वहीत समासात ‘अं.’ लिहून प्रत्येक गणिताचा अंदाज आधी मांडायची सवय लावा. गणित झाल्यावर समासात लिहिलेला आकडा खोडायचा नाही. ४.८ × ३.१ चं उत्तर १४८.८ आलं आणि समासात १५ असेल, तर दशांशचिन्ह एक घर सरकलंय हे मूल स्वतः पकडतं. ६१२ ÷ ६ = १२ ही तर दर वर्गात दिसणारी चूक. मधलं शून्य गळालेलं असतं, आणि रीत पुन्हा तपासूनही ते सापडत नाही, कारण मूल दुसऱ्यांदाही तशीच उडी मारतं. समासात १०० लिहिलेले असतील तर मात्र १२ बघून ते थांबतं आणि १०२ पर्यंत स्वतः पोचतं.