नवे सेल घालूनही टॉर्च लुकलुकते: दोष मागच्या झाकणात निघाला (माझा अनुभव)

लक्षण असं: ॲल्युमिनियमची एलईडी टॉर्च, मागे बटण, आत दोन नवे एए सेल. तरी हलवली की विझते, तळहातावर आपटली की लागते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि आमच्या वाड्याचा जिना दिवसाही काळोखाच, त्यामुळे वैताग आला होता. सेल दुसऱ्या कंपनीचे घातले, स्प्रिंग ओढून लांब केली, उपयोग शून्य. तापकीर गल्लीत (इथला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) सल्ला मिळाला, ‘नवीनच घ्या.’

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. मागचं झाकण काढा, सेल आतच ठेवा. सेफ्टी पिनेचं एक टोक सेलच्या सपाट बाजूला आणि दुसरं नळीच्या उघड्या, चकचकीत कडेला टेकवा. प्रकाश स्थिर आला तर एलईडी आणि सेल ठीक, बिघाड झाकणात.

झाकणात स्प्रिंगभोवती धातूची रिंग असते, तिला समोरासमोर दोन खाचा. माझी सैल झाली होती. खाचांत चिमट्याची टोकं घालून घड्याळाच्या दिशेने घट्ट होईपर्यंत फिरवली. मग कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रिंग, नळीची कड आणि आटे पुसले, वाळू दिले, झाकण लावलं. आता आपटली तरी विझत नाही.

नवी घेताना झाकण उघडून ही रिंग बघा. प्लॅस्टिकची दाबून बसवलेली असेल तर मी घेणार नाही. आणि महिनोन्महिने पडून राहणार असेल, तर अल्कलाइन सेल बाहेर काढून शेजारी ठेवा, ते गळतात.