'येतो' आणि 'या': कोरियन अभिवादन शिकताना

कोरियन अभिवादनाची सुरुवात 'आन्न्यॉङहासेयो' या शब्दाने करावी. आपल्या 'नमस्कारा'प्रमाणे तो दिवसाच्या कोणत्याही वेळी चालतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे निराळे शब्द पाठ करावे लागत नाहीत. तो उच्चारताना हात न जोडता मान आणि खांदे किंचित पुढे झुकवावेत. 'हासेयो' गाळून नुसते 'आन्न्यॉङ' म्हणणे मित्रांत किंवा लहान मुलांशी चालते, वडीलधाऱ्यांशी मुळीच नाही.

निरोप घेताना मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो. ठाण्यातल्या एखाद्या घरातून पाहुणा उठला की तो 'येतो' म्हणतो आणि यजमान 'या' म्हणतो. कोरियनमध्येही निघणाऱ्याचे आणि मागे राहणाऱ्याचे शब्द वेगळे आहेत: निघणारा 'आन्न्यॉङही गेसेयो', म्हणजे 'सुखाने राहा', म्हणतो, तर राहणारा 'आन्न्यॉङही गासेयो', म्हणजे 'सुखाने जा', असे उत्तर देतो. फरक अवघ्या एका स्वराचा आहे आणि नवशिके हमखास तेथेच अडखळतात. कोणाला सरळ 'जा' म्हणणे मराठी जिभेला अवघड वाटते, पण कोरियनमध्ये त्यात अशुभ काही नाही. ठाणे स्थानकाच्या पुलावर एक जण वाशीच्या लोकलकडे आणि दुसरा कल्याणच्या लोकलकडे वळत असेल, तर मागे कोणीच राहत नसल्यामुळे दोघांनीही 'गासेयो' म्हणावे. सरावासाठी दोघांनी घराच्या दारात उभे राहून आळीपाळीने यजमान आणि पाहुणा व्हावे; वहीत दहा वेळा लिहिण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.

आभारासाठी 'काम्साहाम्निदा' म्हणतात. लिपीत येथे 'हाप्निदा' असे लिहिलेले असते, परंतु 'न'च्या आधी आलेल्या 'प'चा 'म' होतो. 'वाक्' आणि 'मय' मिळून 'वाङ्मय' होते हे शाळेत शिकलेल्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागू नये. क्षमा मागण्यासाठी 'च्वेसोङहाम्निदा' हा शब्द आहे.

वाक्यरचना आपल्यासारखीच असून क्रियापद शेवटी येते: 'मुल जुसेयो' म्हणजे 'पाणी द्या'. 'मुल'च्या जागी हव्या त्या वस्तूचे नाव घातले की दुकानापुरते काम भागते. 'ने' हा शब्द मराठी कानाला नकारासारखा वाटत असला तरी तो होकार आहे. नकारासाठी 'आनियो' म्हणावे. कोणी आणखी वाढू लागले, तर 'क्वेन्छानायो' म्हणावे, ज्याची छटा आपल्या 'राहू दे'च्या बरीच जवळ जाते.

देवनागरीतील हे उच्चार सुरुवातीपुरतेच धरावेत, कारण शब्दारंभीचे कोरियन व्यंजन 'क' आणि 'ग' यांच्या मधले ऐकू येते. राजा सेजोङ याने 1446 मध्ये जाहीर केलेल्या हांगुल लिपीत आज 24 मूळ अक्षरे आहेत. ती लवकर शिकून घ्यावीत आणि मगच शब्दसंग्रह वाढवावा.

वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' अशा अर्थाचे सर्वनाम वापरू नये. शिक्षकांना 'सॉन्सेङनिम' म्हणतात, त्याप्रमाणे पदाला किंवा नात्याला 'निम' जोडून हाक मारावी. त्यांना वस्तू देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात पुढे करावेत.