स्थानिक इतिहास मंडळ चालवताना या चुका टाळा

एखाद्या वस्तीचा इतिहास जपावा म्हणून आठ-दहा माणसे एकत्र येतात, महिन्यातून एकदा बैठक भरू लागते, घरोघरचे जुने फोटो, पत्रे, दस्त आणि वृद्धांच्या आठवणी जमू लागतात आणि दोन-तीन वर्षांत कपाट भरून जाते. पुढे कधीतरी ते कपाट उघडावे, तर फोटोंतील माणसांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत, ध्वनिमुद्रणातला आवाज कोणाचा याचा पत्ता लागत नाही आणि दिलेला दस्त परत मागायला आलेल्या कुटुंबाला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. बरीच वर्षे या कामात राहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की या नुकसानाचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: वस्तू किंवा आठवण हाती आली, तेव्हाच ती कोणाकडून, कुठून, केव्हा आणि कोणत्या अटीवर आली हे लिहून ठेवलेले नसते.

तोंडी देवघेव

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कागद देणारी व्यक्ती 'ठेवा तुमच्याकडे' असे म्हणते, तेव्हा तिच्या मनात ते कायमचे दान असते, काही दिवस सांभाळायला दिलेले असते, की केवळ स्कॅन करून परत करायचे असते, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवून त्याच भेटीत एका पानाची पावती दोन प्रतींत करावी. तिच्यावर वस्तूचे वर्णन, देणाऱ्याचे नाव, तारीख, दान की उसने आणि प्रसिद्धीला परवानगी आहे की नाही, एवढे असले तरी पुरते. पावतीचा आणि आवक नोंदवहीचा क्रमांक एकच ठेवावा. २०२५/०१४ असा वर्ष आणि अनुक्रम जोडून केलेला साधा क्रमांक सर्वांत टिकाऊ ठरतो. फोटोचा कागद मंडळाला मिळाला म्हणजे तो छापण्याचा हक्क मिळाला, असे मात्र समजू नये. वस्तूची मालकी आणि स्वामित्वहक्क (कॉपीराइट) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पुष्कळदा फोटो काढणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहिलेली असते.

ही चूक आधीच झाली असेल, तर देणाऱ्यांची आठवेल तेवढी यादी करून एकेकाकडे जावे आणि ती व्यक्ती हयात नसेल तर वारसांना भेटावे. तोपर्यंत त्या वस्तूवर 'मालकी निश्चित नाही' अशी चिठ्ठी ठेवावी आणि ती प्रदर्शनात मांडू नये.

आलेला क्रम मोडणे

आमच्या मंडळाकडे एकदा फोटोंनी भरलेला एक डबा आला. आम्ही त्याच संध्याकाळी उत्साहाने सगळे फोटो काढून आकारानुसार लावले. काही महिन्यांनी त्या घरातील आजींशी बोलताना कळले की त्यांनी प्रत्येक प्रसंगाची वेगळी गड्डी बांधून ठेवली होती. गड्डीतल्या एखाद्याच फोटोमागे तारीख लिहिलेली असे आणि तिच्या आधारे बाकी सगळ्यांचा काळ ठरवता आला असता. तो धागा आमच्याच हातून तुटला आणि पुन्हा जोडता आला नाही. म्हणून डबा, पेटी किंवा फाइल आली की ती आहे त्या स्थितीत उघडून आधी तिचाच फोटो घ्यावा, वस्तू ज्या क्रमाने हाती येतील त्या क्रमाने त्यांना क्रमांक द्यावेत आणि विषयवार मांडणी फक्त यादीत करावी.

अनोळखी फोटोंसाठी ओळख-बैठक फार उपयोगी पडते. प्रत्येक फोटोची क्रमांक घातलेली प्रत वडीलधाऱ्यांपुढे ठेवावी आणि कोणी कोणाला ओळखले हे सांगणाऱ्याच्या नावासह लिहावे. दोघांनी एकाच चेहऱ्याला दोन नावे दिली, तर बहुमत घेऊ नये. दोन्ही नावे नोंदवावीत.

जपण्याच्या नावाखाली होणारी हानी

फाटलेल्या कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावणे आणि महत्त्वाचा दस्त लॅमिनेट करणे या दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने केल्या जातात आणि दोन्ही घातक आहेत. पट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, तर लॅमिनेशनमध्ये उष्णतेने कागदाला चिकटलेले प्लास्टिक मूळ कागदाला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते. फाटलेले तुकडे आम्लरहित कागदाच्या घडीत एकत्र ठेवणे पुरेसे आहे. गंजलेल्या टाचण्या अलगद काढाव्यात. फोटोच्या मागे लिहायचेच असेल, तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला लिहावे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्यावा.

कपाटात पाणी शिरले, तर वेळ फार थोडा असतो, कारण ओल्या कागदावर ४८ तासांच्या आसपास बुरशी धरू लागते. कागद उन्हात न टाकता सावलीत, खेळत्या हवेत पसरावेत. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे असताना सोडवू पाहू नयेत. एका वेळी सगळे वाळवणे शक्य नसेल, तर भिजलेले कागद पिशवीत घालून गोठवून ठेवावेत. त्यामुळे नुकसान थांबते आणि तज्ज्ञाला विचारायला अवधी मिळतो.

मुलाखतीतील चुका

ध्वनिमुद्रण सुरू करताच तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने बोलावे. फाइलचे नाव बदलले किंवा वही हरवली, तरी ही ओळख आवाजाबरोबर राहते. पंखा बंद करावा, फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि पहिल्या मिनिटानंतर थांबून मुद्रण नीट झाले आहे का ते ऐकून पाहावे. तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ वृद्ध माणसाला बोलते ठेवू नये. दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीने जाग्या केलेल्या आठवणी वर येतात. 'तेव्हा फार हाल झाले ना?' असा प्रश्न उत्तर हातात देतो, म्हणून 'त्या दिवशी सकाळपासून काय काय झाले?' असे विचारावे आणि नंतरची शांतता लगेच भरून काढू नये. शेजारी-नातेवाईक एकत्र बसवून घेतलेल्या मुलाखतीत ठाम बोलणाऱ्याची आठवण हळूहळू सगळ्यांची होते. लेखी संमती मुलाखतीच्या शेवटी घेणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण आपण काय सांगितले हे तेव्हा त्या व्यक्तीला ठाऊक असते. संमतीपत्रात नाव न देण्याचा आणि ठरावीक वर्षांपर्यंत ध्वनिमुद्रण इतरांसाठी बंद ठेवण्याचा पर्याय असायलाच हवा.

आठवणीतली तारीख चुकीची निघाली की पुष्कळ मंडळे ती मुलाखतच निकालात काढतात, याचे मला फार वाईट वाटते. इटलीतील तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुली हा तरुण पोलाद कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पण पुढे तिथल्या अनेक कामगारांनी हा मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात झाल्याचे सांगितले. तारीख म्हणून हे चूक आहे. तरीही त्या कामगारांना कोणती घटना सर्वांत जिव्हारी लागली होती, हे या चुकीतूनच कळते. म्हणून तारीख कागदपत्रांवरून तपासावी, फरक तळटीपेत सांगावा आणि मुलाखतीतले शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत. दंतकथेच्या बाबतीतही हाच नियम लावावा: ती घटना म्हणून न लिहिता, कोणी केव्हा सांगितली हे नमूद करून दंतकथा म्हणून लिहावी.

कालगणना

जुन्या कागदावरची तारीख सरळ उतरवून घेणे धोक्याचे असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सर्वांना पाठ असते. पण १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. ब्रिटनमध्ये १७५२ साली कॅलेंडर बदलताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला आणि त्याआधी इंग्लंडमध्ये अधिकृत वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने तिथल्या कागदातला 'फेब्रुवारी १७००' आपल्या हिशेबाने १७०१ असू शकतो. मूळ तारीख आणि रूपांतरित तारीख दोन वेगळ्या रकान्यांत लिहावी.

डिजिटल प्रती

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो हीच मूळ प्रत मानून जतन करू नये, कारण तिथे साधा फोटो म्हणून पाठवताना त्याचा आकार कमी होतो आणि फाइलमधील तारखेसारखी माहितीही गळून पडते. कागदासाठी ३०० आणि लहान फोटोंसाठी ६०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) ठेवून टिफ प्रत, म्हणजे तपशील न गमावणारी मोठी फाइल, करावी, मागची बाजूही स्कॅन करावी आणि वाटण्यासाठी वेगळी जेपेग, म्हणजे आकाराने लहान फाइल, काढावी. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम पाळावा आणि वर्षातून एकदा त्या फाइल खरोखर उघडतात का ते पाहावे.

शिलालेख आणि पाहणी

अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू, तेल किंवा पीठ चोळणे आजही चालू आहे आणि त्याने दगडाचे कायमचे नुकसान होते. अंधारात एका बाजूने तिरका प्रकाश टाकून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतला, तर अक्षरे अधिक स्पष्ट उमटतात. उघड्यावरच्या अवशेषांचा नेमका ठावठिकाणा जाहीर करू नये, कारण तो वाचून खणणारेही पोहोचतात.

मंडळ बंद पडले तर

संग्रह एका पदाधिकाऱ्याच्या घरी आणि पासवर्ड त्याच्याच लक्षात, ही स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. मंडळ थांबले तर संग्रह कोणत्या ग्रंथालयाकडे किंवा अभिलेखागाराकडे जाईल, हे त्या संस्थेशी आधी बोलून ठरावात लिहून ठेवावे आणि तोच तपशील दान-पावतीवरही छापावा, म्हणजे देणाऱ्याची त्यालाही संमती मिळते.