परिषदेत संशोधन सादर करण्यापूर्वीची तयारी

परिषदेला पाठवलेला गोषवारा, म्हणजे संशोधनाचा थोडक्यात सारांश, स्वीकारल्याचे पत्र आले की त्यासोबतच्या सूचना सर्वप्रथम शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. सादरीकरण तोंडी आहे की पोस्टरचे, नोंदणीची आणि फाइल पाठवण्याची अंतिम तारीख कोणती, आणि मुख्य म्हणजे दिलेल्या वेळात प्रश्नोत्तरे धरली आहेत का, हे वहीत लिहून ठेवावे. १५ मिनिटांचा अवधी म्हणजे पुष्कळदा बोलण्यासाठी १२ आणि प्रश्नांसाठी ३ मिनिटे असतात. हा हिशेब न केल्यामुळे विद्यार्थी निष्कर्षापर्यंत पोहोचण्याआधीच सत्राध्यक्षांनी वेळ संपल्याची खूण केलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि वर्षानुवर्षांच्या कष्टांचा नेमका गाभाच श्रोत्यांच्या कानी पडत नाही याचे मला दरवेळी वाईट वाटते. याच सुमारास सहलेखकांची आणि मार्गदर्शकांची संमती घ्यावी, तसेच अप्रकाशित माहिती किंवा दुसऱ्याचे छायाचित्र दाखवायचे असल्यास त्याची परवानगी मागून ठेवावी.

स्लाइड करायला बसण्याआधी एक काम कागदावर करायचे आहे. या संशोधनातून पूर्वी ठाऊक नसलेले काय कळले, याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. ते वाक्य जमत नसेल तर संगणक उघडू नये, मार्गदर्शकांशी पुन्हा बोलावे. संथ आणि स्पष्ट बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे १२ मिनिटांत जेमतेम चौदाशे. त्यात प्रबंध मावत नाही आणि मावावा अशी अपेक्षाही नसते. त्या एका वाक्याला आधार देणारे तेवढे ठेवावे आणि उरलेले, कितीही मेहनतीचे असले तरी, बाजूला काढावे. पूर्वसंशोधनाचा आढावा सगळ्यात आधी आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्लाइडची संख्या मिनिटाला एक या बेताने ठरवावी. मथळा विषयाचे नाव सांगणारा नसावा, निष्कर्ष सांगणारा असावा. ‘तापमान आणि वाढ’ असे लिहिण्यापेक्षा ‘ठरावीक तापमानापुढे वाढ मंदावते’ असे लिहिले की मागच्या रांगेतल्या श्रोत्यालाही काय पाहायचे ते कळते. प्रबंधातला आलेख जसाच्या तसा उचलू नये, तो मोठ्या अक्षरांत, दोन्ही अक्षांवर एककांसह नव्याने काढावा. आलेखातल्या बिंदूंवर त्रुटीदर्शक रेषा (एरर बार) दाखवल्या असतील तर त्या प्रमाण विचलनाच्या (मोजमापे किती विखुरलेली आहेत), प्रमाण त्रुटीच्या (काढलेली सरासरी किती अनिश्चित आहे) की ९५ टक्के विश्वास-अंतराच्या (कॉन्फिडन्स इंटर्व्हल) आहेत, हे तिथेच लिहावे. लाल आणि हिरव्या रंगांत फरक न जाणवणारे श्रोते जवळपास प्रत्येक सभागृहात असतात, त्यामुळे निव्वळ रंगावर भिस्त न ठेवता तुटक आणि अखंड अशा वेगवेगळ्या रेषा वापराव्यात. साहित्य किंवा इतिहास या विषयांत आलेखाची जागा उताऱ्याने घेतलेली असते. तो चार-पाच ओळींपेक्षा मोठा नसावा आणि श्रोत्यांना वाचायला अवधी मिळेल इतक्या संथपणे मोठ्याने वाचावा.

सराव उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करायचा असतो. मनातल्या मनात स्लाइड उलटल्याने वेळेचा अंदाज हमखास चुकतो. निदान तीन वेळा पूर्ण सराव करावा आणि त्यांपैकी एकदा तरी समोर आपल्या विषयाबाहेरची व्यक्ती असावी, कारण कोणता शब्द अपरिचित आहे आणि कोणती पायरी गाळली गेली आहे हे तिलाच चटकन जाणवते. चौथ्या आणि आठव्या मिनिटाला आपण कोणत्या स्लाइडवर असायला हवे, हे टिपणात लिहावे, आणि उशीर झाल्यास कोणत्या दोन स्लाइड गाळायच्या तेही आधीच ठरवावे. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य पाठ असावे. संपूर्ण भाषण पाठ करण्याचा मोह मात्र टाळावा, एक शब्द निसटला की सगळा धागा तुटतो.

प्रश्नोत्तरांची भीती बहुतेकांना वाटते, तरी तयारी सर्वांत कमी त्यांचीच होते. आपल्या पद्धतीतली सर्वांत कमकुवत बाजू आपल्यालाच ठाऊक असते. तिच्यापासून सुरुवात करून संभाव्य दहा प्रश्न आणि त्यांची दोन-तीन वाक्यांतली उत्तरे लिहून काढावीत. नमुना एवढाच का घेतला, पर्यायी स्पष्टीकरण कसे फेटाळले, हे प्रश्न त्यात असायलाच हवेत. त्यांना लागणारे तक्ते शेवटच्या स्लाइडनंतर जोडून ठेवावेत. प्रत्यक्षात प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा, नीट ऐकू आला नसेल तर पुन्हा विचारण्याची विनंती करावी, आणि उत्तर माहीत नसेल तेव्हा ही बाब आपण तपासलेली नाही असे सरळ सांगावे. अंदाजाला निष्कर्षाचे रूप देणे त्याहून फार महागात पडते.

पोस्टर असल्यास आकार आणि उभी-आडवी मांडणी छापण्यापूर्वी पडताळावी; ए-शून्य कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा असतो आणि आडवे पोस्टर उभ्या फलकावर बसत नाही. स्लाइडसाठी पडद्याचे प्रमाण १६:९ आहे की ४:३, हे आयोजकांना विचारावे. मूळ फाइलसोबत पीडीएफ प्रत ठेवावी, ती पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या ईमेलवरही असावी, आणि सत्र सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या वेळेत तिथल्या संगणकावर प्रत्येक स्लाइड एकदा उघडून पाहावी.

वहीतले एक कोरे पान सादरीकरणानंतरसाठी राखून ठेवावे. विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि शक्य असल्यास विचारणाऱ्याचे नाव त्याच संध्याकाळी त्यावर उतरवावे, म्हणजे परतल्यावर मार्गदर्शकांसमोर बसून प्रबंधातले कोणते प्रकरण पुन्हा लिहायचे हे ठरवता येईल.